खुर्चीवर मत, रुपयावर नाही

(बेटमा येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणित शिकवत आणि वर्गात खोटा हिशेब खपवून घेत नसत, असे संयोजकांनी मला कळवले होते. त्यामुळे विषय निवडायला फार वेळ लागला नाही. गावाने भरायचा पैसा आणि गावाने द्यायचा कौल यांची आपल्याकडे गाठच पडत नाही. ती का पडत नाही, याबद्दल मी आज बोलणार आहे. विषय रूक्ष आहे हे मान्य. पण संयोजकांनी आधीच पोहे-जिलबी खाऊ घातल्यामुळे वक्ता तरी ताजातवाना आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत बेटम्याचे नाव येते ते एका ताम्रपटामुळे. परमार राजा भोजाने इ.स. १०२० मध्ये एक गाव एका विद्वान ब्राह्मणाला दान दिले. निमित्त होते कोकण जिंकल्याच्या पर्वणीचे. आम्हा मराठी मंडळींना यात गंमत वाटावी: हरले कोकण आणि दान गेले भलतेच गाव! गावाबरोबर काय काय दिले त्याची यादी ताम्रपटात आहे. सीमेपर्यंतचे गवत आणि गायराने, त्यांशिवाय भाग, भोग, हिरण्य, उपरिकर, म्हणजे त्या गावाने द्यायचे जेवढे म्हणून कर असतील तेवढे सगळे. गावकऱ्यांना या कागदात, नव्हे तांब्यात, एकच जागा आहे: आजपासून हे सगळे यांना देत जा, अशी आज्ञा ऐकणाऱ्याची. त्या काळात दुसरे काही घडणे शक्य नव्हते, म्हणून भोजाला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर हजार वर्षे गेली. कर लावण्याआधी आपल्याला कोणी विचारते का, हा प्रश्न आज तरी विचारता येईल.

आजचे बेटमा ही नगर परिषद आहे. इंदूर जिल्ह्यात देपालपूर, गौतमपुरा, हातोद, राऊ, सांवेर, महूगाव, मानपूर ही तिची भावंडे. सगळ्यांना कायदा एकच, मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम १९६१. या कायद्याच्या कलम ४७ मध्ये अशी एक तरतूद आहे की महाराष्ट्रातल्या नगरसेवकाला सांगितली तर तो आधी हसतो आणि मग गंभीर होतो. लोकांनी थेट निवडलेल्या नगराध्यक्षाला लोकच मुदतीआधी, गुप्त मतदानाने परत बोलावू शकतात.

त्या मतदानात उमेदवार नसतात, पक्ष नसतो. चित्रे दोन असतात. एक रिकामी खुर्ची आणि एक अशी खुर्ची, जिच्यावर माणूस बसला आहे. आपल्याकडे सगळे याला 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' म्हणतात आणि मराठीत बोलतानाही तसेच म्हणतात. अध्यक्ष नको असेल तर रिकामी खुर्ची, राहू द्यायचा असेल तर भरलेली. मी निवडणुकीच्या अनेक मतपत्रिका पाहिल्या आहेत. चादरीएवढ्या लांब, पतंगापासून शिलाई मशीनपर्यंत सगळी चिन्हे एकाखाली एक लावलेल्या. त्यांच्यापुढे ही दोन खुर्च्यांची मतपत्रिका म्हणजे लोकशाहीने काढलेले सर्वात स्वच्छ चित्र आहे. अक्षर न ओळखणाऱ्या आजीलाही ते कळते, आणि वकिलालाही त्यात फाटे फोडता येत नाहीत.

हे कागदावरच राहिले असेही नाही. २००१ साली अनूपपूरच्या नगराध्यक्षा पल्लविका पटेल यांना तिथल्या मतदारांनी याच वाटेने पायउतार केले. पुढे छत्तीसगडनेही ही तरतूद चालवली, आणि २००८ साली नवागढ, गुंडरदेही आणि राजपूर या तीन गावांनी एकाच सुमारास आपापले अध्यक्ष परत बोलावले. भारतात मतदार निवडून देतो आणि पाच वर्षे पस्तावतो, असे म्हणणाऱ्यांनी या छोट्या गावांची नावे लक्षात ठेवावीत.

आता या तरतुदीची किल्ली कोणाच्या खिशात आहे ते पाहा. रिकाम्या खुर्चीची मागणी मतदार करू शकत नाही. कलमात लिहिले आहे की निवडून आलेल्या पार्षदांपैकी, म्हणजे नगरसेवकांपैकी, किमान तीन चतुर्थांशांनी सही करून प्रस्ताव कलेक्टरकडे द्यायचा. कलेक्टर सह्या तपासणार, प्रस्ताव राज्य सरकारकडे जाणार, सरकार तो राज्य निवडणूक आयोगाकडे पाठवणार आणि मग आयोग मतदान घेणार. पंधरा वॉर्डांची नगर परिषद धरा. बारा पार्षद एकत्र आले पाहिजेत. अध्यक्ष निवडून आल्यावर ठरावीक काळ प्रस्ताव आणता येत नाही, आणि पूर्ण कारकिर्दीत तो एकदाच आणता येतो.

बारा पार्षद कधी एकत्र येतात? ज्या अध्यक्षाने नळाचे पाणी दिले नाही त्याच्याविरुद्ध येतातच असे नाही. ज्याने पार्षदांच्या माणसांची बिले अडवली, ठेके वाटताना हात आखडला, त्याच्याविरुद्ध मात्र नक्की येतात. याउलट जो सगळ्यांना सांभाळून घेतो, सांभाळणे या शब्दाचा इथला अर्थ तुम्हाला मी सांगायला नको, त्याची खुर्ची शहर उकिरड्यात गेले तरी हलत नाही. सरसकट सगळ्यांवर आरोप करत नाही मी. कायद्याची रचना कोणत्या वर्तनाला बक्षीस देते एवढेच सांगतो आहे. भांडण सभागृहातले. ते मिटले नाही की मतदाराला पंच म्हणून बोलावतात, आणि पंचाला भांडणाचे कारण सांगायची पद्धत नाही. मतपत्रिकेवर खुर्ची असते. ती का रिकामी करायची हे नसते. खुर्ची रिकामी झाली, पोटनिवडणूक झाली, नवा माणूस बसला, तरी दुसऱ्या दिवशी पाणी त्याच वेळेला येते आणि कराची पावती त्याच आकड्याची फाटते.

महाराष्ट्रात याच जातीचे एक मतदान आहे. तिथे खुर्च्यांच्या जागी बाटल्या आहेत. उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातले किंवा वॉर्डातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर २००८ च्या आदेशाप्रमाणे पंचवीस टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी तेवढ्यांनी सह्या करून मागणी करायची, उत्पादन शुल्क खाते सह्यांची पडताळणी करते, आणि गुप्त मतदान होते. दुकान चालू ठेवायचे तर उभी, बंद करायचे तर आडवी. 'बाटली आडवी केली' हा आता मराठीतला वाक्प्रचारच झाला आहे. इथे सुरुवात करण्याचा अधिकार बायकांच्या हातात आहे, पार्षदांच्या नाही, आणि मला तो खुर्चीपेक्षा मोठा वाटतो. मात्र सरकारने दुसऱ्या बाजूने दार लावून घेतले. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या बायकांनी आडवी म्हणून भागत नाही. यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. माहेरी गेलेली, ऊसतोडीला गेलेली, वारलेली पण यादीत राहिलेली, या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात.

एवढी कडक अट का, हे समजायला फार खोलात जावे लागत नाही. दारूचा महसूल राज्याच्या तिजोरीत जातो. आडवी बाटली हे आपल्या देशातले बहुधा एकमेव मतदान असेल, ज्यात गावातली सामान्य बाई राज्याच्या उत्पन्नाला थेट हात घालते. आमच्याकडे मध्य प्रदेशात २०२५ च्या जानेवारीत महेश्वरला मंत्रिमंडळाची बैठक झाली, आणि उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा धार्मिक ठिकाणी १ एप्रिलपासून दारूबंदीचा निर्णय झाला. निर्णय चांगला की वाईट, तो वेगळा विषय. पण तो वरून आला. वरून आलेला निर्णय वरूनच मागे घेता येतो. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ साली आली आणि २०२१ साली गेली, ती अशीच.

आता पैशाकडे वळू. गुरुजींचा विषय.

तुमच्या घरी येणारे कराचे बिल एकदा वाचून बघा. संपत्तिकर, समेकित कर, शिक्षण उपकर, नगरीय विकास उपकर, जलकर. समेकित कर म्हणजे झाडलोट, दिवाबत्ती, आग विझवणे यांचे एकत्र गाठोडे. संपत्तिकर घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर ठरतो, आणि त्याचा दर सहा टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत ठेवण्याची मुभा कायद्याने दिली आहे. मालक स्वतः राहत असेल तर निम्मी सूट. नगर परिषदेला खेळायला एवढेच अंगण. आणि या अंगणातही कोणी फारसे खेळत नाही, कारण दर एक टक्क्याने वाढवला तर पार्षद पुढच्या वेळी पडतो, आणि वाढवला नाही तर त्याचे काही बिघडत नाही. कर्मचाऱ्यांचा पगार दुसरीकडून येतो.

तो दुसरीकडून कसा येतो, ही गोष्ट १९७६ ची आहे. तोवर गावाच्या वेशीवर चुंगीनाका असे. गूळ आला, कापड आले, नाक्यावर चुंगी भरायची, आणि तो पैसा गावाचा. त्या वर्षी मध्य प्रदेशाने चुंगी बंद करून राज्याचा प्रवेश कर आणला, आणि गावांचे जे उत्पन्न गेले त्याच्या बदल्यात भोपाळहून 'चुंगी क्षतिपूर्ती' नावाची रक्कम सुरू झाली. चुंगीनाक्यावरची लाच, रांगा, खोळंबा यांची आठवण असलेल्यांना ती सुटका वाटली, आणि ती खरीच होती. महाराष्ट्राने जकात बंद करायला पुढे कितीतरी वर्षे घेतली. मुंबईची जकात तर २०१७ साली जीएसटी आला तेव्हा गेली. पण सुटकेबरोबर एक गोष्ट निसटली. गावाचा पैसा गावात जमायचा तो भोपाळहून येऊ लागला. आज कित्येक नगर परिषदांचे पगार या क्षतिपूर्तीच्या हप्त्यावर अवलंबून आहेत. हप्ता कापला गेला की सफाई कामगारांचा पगार लांबतो. मग अध्यक्ष गावाला हिशेब सांगण्याऐवजी भोपाळच्या चकरा मारतो, आणि त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केले असते.

इथून जवळच महूला १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकर जन्मले. त्यांचे नाव घेताना आपण राज्यघटनेशी थांबतो. पण कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला आणि १९२५ साली लंडनहून छापला गेलेला त्यांचा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर आहे. त्यात त्यांनी तीन टप्पे दाखवले आहेत. आधी केंद्राने प्रांतांना ठरावीक रक्कम नेमून द्यायची, मग काही उत्पन्नाची साधने नेमून द्यायची, मग उत्पन्न वाटून घ्यायचे. १८७१ पासूनची ही चढण. रक्कम नेमून मिळणारा प्रांत आणि स्वतःचे उत्पन्न असलेला प्रांत यांच्या कारभारात काय फरक पडतो, हे त्यांनी आकडे लावून तपासले. तो ग्रंथ वाचताना मला सारखे वाटत राहिले की आपल्या नगर परिषदा आजही त्यातल्या पहिल्या टप्प्यावर आहेत. नेमणूक मिळते, खर्च होतो. ज्याने दिले त्याला विचारायचे, ज्याच्यासाठी खर्च केला त्याला नाही.

मोठ्या शहरात तरी वेगळे आहे का? इंदूरचे उदाहरण घ्या. महापालिकेची मुदत २०२० च्या फेब्रुवारीत संपली आणि निवडणूक झाली २०२२ च्या जुलैत. मधली जवळजवळ अडीच वर्षे शहर प्रशासकाच्या हाती होते. याच काळात, २०२१ च्या एप्रिलच्या सुरुवातीला, पाणी, कचरा, ड्रेनेज यांचे दर वाढवल्याचे जाहीर झाले, शहरात ओरड झाली आणि वाढ स्थगित झाली. दर वाढवताना कोणाचे मत घेतले नाही, कारण घ्यायला निवडून आलेले कोणी नव्हते. मागे घेतानाही मत घेतले नाही, ओरड पुरेशी झाली. कदाचित वाढ रास्त असेल, कदाचित नसेल. ती रास्त होती की नाही हे शोधण्याची संधी शहराला मिळाली नाही, ही माझी तक्रार आहे.

दोन वर्षांनी, २०२३ च्या फेब्रुवारीत, त्याच महापालिकेने हरित रोखे बाजारात आणले. नर्मदेचे पाणी जलूदहून उपसून इंदूरला आणायला प्रचंड वीज लागते, म्हणून सौर प्रकल्पासाठी २४४ कोटी रुपये. रोखे सामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले होते, मागणी त्याहून कितीतरी अधिक आली, सगळ्या देशाने कौतुक केले, आणि मीही करतो. पण हिशेबाच्या दृष्टीने पाहा: हे कर्ज आहे, आणि ते फेडणार इंदूरकर. मुंबईचा गुंतवणूकदार या रोख्यांचे माहितीपत्रक वाचून हो किंवा नाही म्हणू शकला. राजवाड्यामागे राहणाऱ्या करदात्याला तसे कोणी विचारले नाही. कर्ज देणाऱ्याची संमती घ्यायची आणि फेडणाऱ्याची नाही, असे घरात कोणी केले तर आपण त्याला काय म्हणू?

कॅलिफोर्नियात असे चालत नाही. तिथल्या सांता क्लारा काउंटीत, म्हणजे सॅन होजे, सनीव्हेल, क्युपरटिनो या भागात, तुमच्यापैकी कोणाचा तरी भाचा नाहीतर पुतणी असणारच. तिथे २०१६ च्या नोव्हेंबरात 'मेझर बी' नावाचा एक प्रस्ताव मतदारांपुढे होता. खरेदीवर डॉलरमागे अर्धा सेंट जादा विक्रीकर, तीस वर्षांसाठी. पैसा रेल्वेचा विस्तार, रस्ते आणि बसगाड्यांसाठी. अशा विशिष्ट कामासाठीच्या करांना तिथे दोन तृतीयांश मते लागतात. या प्रस्तावाला बहात्तर टक्क्यांच्या आसपास मिळाली. स्वतःवर कर लावून घेण्यासाठी माणसे रांगेत उभी राहिली! आपल्याकडे हे सांगितले तर लोक विचारतील, तिथले पाणी प्यायल्याने काही होते का?

पाण्याने नाही, कागदाने होते. मतदानाआधी प्रत्येक मतदाराच्या घरी एक पुस्तिका येते. प्रस्तावाचा प्रश्न पंचाहत्तर शब्दांत बसला पाहिजे, असा नियम. अलीकडे त्या पंचाहत्तर शब्दांतच कराचा दर, मुदत आणि वर्षाला जमणारी रक्कम सांगावी लागते. त्याखाली काउंटीच्या वकिलाने लिहिलेले निःपक्ष विवेचन, पाचशे शब्दांच्या आत. मग बाजूचा युक्तिवाद तीनशे शब्द, विरोधी तीनशे, आणि दोघांना एकमेकांना उत्तर द्यायला अडीचशे-अडीचशे. शब्द मोजून! आमच्या महापालिकेच्या सभांत एकेक वक्ता याच्या दसपट बोलतो आणि आकडा एकही सांगत नाही. अशी पुस्तिका घरच्या टेबलावर पडलेली असली की नवरा-बायकोत वाद होतो, मुलगा विचारतो अर्धा सेंट म्हणजे वर्षाला किती, आणि बेरीज होते.

तिथे खुर्चीबद्दलही विचारतात. सॅन होजेचा महापौर कोणत्या वर्षी निवडायचा, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबरोबर की मधल्या वर्षी, हा प्रश्न २०२२ च्या जूनमध्ये मतदारांपुढे ठेवला गेला आणि त्यांनी ते वर्ष बदलले. आपल्याकडचा हिशेब मांडा. मध्य प्रदेशात नगराध्यक्ष १९९९ पासून थेट जनतेतून. मग कायदा बदलून पार्षदांतून. २०२२ ला महापौर थेट आणि नगर परिषदेचे अध्यक्ष पार्षदांतून. २०२४ ला अविश्वासाच्या अटी कडक. २०२५ ला पुन्हा थेट निवडणुकीकडे वळायचा निर्णय. महाराष्ट्रात २००१ ला थेट, मग नाही, २०१६ ला थेट, २०२० ला नाही, २०२२ ला पुन्हा थेट. सत्तेवर जो येतो तो आपल्या सोयीने हे फिरवतो. गावाचा प्रमुख कसा निवडावा याबद्दल गावाचे मत काय, हे एकाही फेरीत विचारलेले मला आढळत नाही. आणि अध्यक्ष पार्षदांतून आला की खाली कुर्सी आपोआप बंद पडते, हेही लक्षात घ्या. जनतेने निवडले नाही, त्याला जनता परत कशी बोलावणार?

अमेरिकेची आरती ओवाळायला मी आलेलो नाही. तिथले दोन धडे सांगतो आणि पुढे जातो. पहिला: तो अर्धा सेंट आपली मराठी पोरेही दुकानात भरतात, पण ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांना मत नाही, कारण नागरिकत्व नाही. दुसरा जास्त महागाचा. १९७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केला, जवळजवळ दोन तृतीयांश मतांनी. मालमत्ता कर घराच्या किमतीच्या एक टक्क्यावर गोठवला, आणि ती किंमत घर विकेपर्यंत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवायची नाही. त्या वेळी म्हातारी माणसे कराने खरोखर पिचली होती. परिणाम काय? एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांना आज कित्येक पटींनी वेगळा कर बसतो, आणि शाळा-वाचनालयांच्या पैशाची तारांबळ पन्नास वर्षे होत आली तरी संपलेली नाही. मतदाराला विचारले की तो शहाणाच वागतो, असे नाही.

आणि काही प्रश्न मताला टाकायचेच नसतात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सगळ्यांना खुले केल्याचा ठराव केला. १९२७ साली सत्याग्रह झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्या दिवशी महाडात मतपेटी ठेवली असती तर काय निकाल आला असता, याची कल्पना करायला फार डोके लागत नाही. माणसाचा हक्क बहुमताने ठरत नाही. रस्त्याचा दिवा, पाण्याचा दर, कर्ज काढावे की नाही, बसस्थानक कुठे असावे, हे मात्र ठरू शकते, ठरायला हवे.

मग बेटम्यात काय करता येईल? आजूबाजूच्या खेड्यांत ग्रामसभा आहे. महाराष्ट्रात थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणला तर सदस्यांच्या ठरावानंतर तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला जातो. खेडे वाढून नगर परिषद झाले की ही ग्रामसभा विसर्जित होते. राज्यघटनेने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाखांच्या वरच्या शहरांसाठी. म्हणजे बेटम्यासारखे गाव खेड्यापेक्षा मोठे झाले म्हणून ग्रामसभा गेली, आणि शहर म्हणून लहान पडले म्हणून वॉर्ड समिती आली नाही. मधल्या मधे लोंबकळणाऱ्या या गावांना पैशाबद्दल तोंड उघडायची घटनेने हमी दिलेली जागाच नाही. मोहल्ला समितीची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. तुमच्या मोहल्ल्यात ती कधी बसलेली पाहिली आहे का, हे तुम्हीच मला व्याख्यानानंतर सांगा.

कायदा बदलायला भोपाळ आहे, आणि तिथे आपले कितीसे चालते? पण एक गोष्ट कायदा न बदलता होते. नवा कर लावताना किंवा दर बदलताना नगर परिषदेला तो प्रस्ताव प्रसिद्ध करून रहिवाशांच्या लेखी हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस फलकावर लागते आणि वाऱ्याने उडून जाते. हरकत एकही येत नाही, आणि मग 'हरकत आली नाही' असे लिहून प्रस्ताव पुढे सरकतो. अंदाजपत्रक मार्चअखेर मंजूर होते. ते प्रसिद्ध करणे माहिती अधिकार कायद्याने बंधनकारक आहे, २००५ पासून. बेटम्यातले चार शिक्षक, दोन दुकानदार आणि एखादा निवृत्त लेखापाल एकत्र बसले तर त्या जाड बाडाची दोन पानांची पुस्तिका करू शकतात: पैसा कुठून आला, क्षतिपूर्ती किती, आपण भरलेला किती, कशावर गेला. बाजूचे तीनशे शब्द, विरोधातले तीनशे. कायद्याने बंधनकारक नसलेला कौल घ्यायलाही कोणी मनाई केलेली नाही. खुर्चीची चित्रे काढता येतात तशी नळाचीही काढता येतात. असा कौल कोर्टात टिकणार नाही, पण पार्षदाच्या कानात टिकेल.

यात एक किंमत आहे आणि ती मी लपवणार नाही. रुपयावर मत हवे असेल तर रुपया आधी आपला असावा लागतो. ज्यांची संपत्तिकराची थकबाकी तीन-तीन वर्षांची आहे, ज्यांनी दुमजली घराचे स्वनिर्धारण एकमजली म्हणून भरले आहे, त्यांना अध्यक्ष 'तुम्ही कोण विचारणारे' म्हणाला तर त्याला काय उत्तर देणार? आपण कर चुकवतो, नगर परिषद वसुली टाळते, दोघे मिळून भोपाळकडे बघतो, आणि या संगनमताला आपण गरिबी असे नाव दिले आहे.

नगर परिषदांची पुढची निवडणूक २०२७ मध्ये आहे. उमेदवार हात जोडून दारात येईल, तेव्हा त्याला पाणी द्या, बसायला खुर्ची द्या, आणि तीन आकडे विचारा: गेल्या वर्षी गावाने स्वतः किती कर भरला, भोपाळहून किती आला, आणि या वर्षी तू दर किती ठेवणार. आकडे सांगता आले नाहीत तर त्याला सांगा, पाठ करून ये, आम्ही थांबतो. आणि तो परत येण्याआधी आपली स्वतःची पावती काढून ठेवा, थकली असेल तर भरून टाका.